रिकाम्या खोलीतली बावीस मिनिटं

कोपरेताईची शोकसभा कंपनीने जेवणाच्या सुट्टीत ठेवली. कामाचा वेळ बुडायला नको होता ना! कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये टेबलं भिंतीकडे सरकवली होती आणि तिचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता. त्या फोटोत ती फोटो काढणाऱ्यावरच डाफरत असल्यासारखी दिसते. मोठे साहेब उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "ज्या बाईंनी आपल्या हॉटेलची खोली बावीस मिनिटांत तयार करून दाखवली, त्यांच्यासारखा हात पुन्हा होणे नाही."

माझं डोकंच फिरलं. मी तेवीस वर्षं धुलाई विभागात इस्त्री केली आणि नंतर संघटनेचं काम अंगावर घेतलं. माझा राग माझ्याआधी उठून उभा राहतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून शेजारणीने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. पण मला उठावंच लागलं नाही. पुढच्या रांगेतून दुसरंच कुणीतरी उठलं. काय बोललं ते शेवटी सांगते. त्याआधी ही बावीस मिनिटं आली कुठून हे सांगायला हवं, नाहीतर उद्याच्या मुली साहेबांचंच खरं मानतील.

तिचं खरं नाव पगारपत्रकात होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. खोल्या साफ करणाऱ्या एक्केचाळीस जणींत तिच्यासारखे चादरीचे कोपरे कुणाचे बसत नसत. गादीखाली असा दुमडायची की पाहुण्याने रात्रभर लाथा झाडल्या तरी कोपरा जागचा हलायचा नाही. नवीन मुलगी आली की तिला म्हणायची, "मधलं काय मला दाखवतेस? मधलं वारासुद्धा साफ करतो. कोपरा दाखव." मुली रडायच्या. पण सहा महिन्यांनी त्याच मुली दुसऱ्या मुलीला कोपरा दाखव म्हणायच्या.

ती विसाव्या वर्षी लग्न होऊन आली आणि महिन्याभरात जुन्या हॉटेलात कामाला लागली. नवरा तिथेच बॉयलरवर होता. दीर धुलाईची गाडी चालवायचा. पाच वर्षांनी दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ घरात आली, पाठोपाठ हॉटेलातही आली. तिला घरात आणि कामावर सगळेच धाकटी म्हणतात. आज ती छप्पन्न वर्षांची आहे तरी म्हणतात. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, दोन चुली पाठीला पाठ लावलेल्या, नळ एकच. नवरा गेला तेव्हा कोपरेताईने रजासुद्धा पुरी घेतली नाही. "घरी बसून काय करू, धाकटीचे ढिले कोपरे बघू?" म्हणाली. ही थट्टा नव्हती. रोज सकाळी कामावर निघण्याआधी ती धाकटीच्या खोलीत शिरायची आणि तिने नुकतीच घातलेली चादर पुन्हा खोचायची. तीस वर्षं. धाकटी दारात उभी राहून बघायची.

जुन्या हॉटेलात प्रत्येकीला शिफ्टमध्ये तेरा खोल्या. कोपरेताईकडे चौथा मजला. तिथे कंपन्यांचे साहेब उतरायचे, म्हणून तपासणी कडक, म्हणून तिच्यासारखीच हवी असं ठरलेलं. धाकटीकडे तळमजला, पोहण्याच्या तलावाला लागून. कोपरेताई दोन वाजता मोकळी. केस विंचरून, हात धुऊन लॉकरशी बसलेली असायची. धाकटी चार वाजता ट्रॉली ढकलत यायची, गुडघा ओढत, ॲप्रन ओला.

"काय ग धाकटे, खोल्या साफ करत होतीस की विणत होतीस?"

"जाऊबाई, तुमच्या खोल्यांत माणसं उतरतात की भुतं? काही सांडत नाहीत, काही चिकटवत नाहीत!"

सगळ्या हसायच्या. कोपरेताई सगळ्यांत मोठ्याने. तिला ती आपली तारीफ वाटायची. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटायचं. धाकटी मंद, हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. संघटनेच्या बाईनेसुद्धा, म्हणजे मीच. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

मग जुनं हॉटेल विकलं गेलं. नव्या कंपनीला तिथे खेळांचं मोठं उद्यान करायचं होतं आणि त्याला जोडून श्रीमंतांसाठी हॉटेल, ज्याची प्रत्येक खोली म्हणजे एक थीम. त्यासाठी एक माणूस आला. कानावर पेन्सिल, शर्टाला रंगाचे डाग, बोलताना दोन्ही हातांनी हवेत घरं बांधायचा. त्याला आम्ही थीमवाला म्हणायला लागलो. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने आम्हा बायकांनाही बसवून समजावलं, हेही काही कमी नाही.

"पाहुणा खोलीत राहणारच नाही," तो म्हणाला, "तो गोष्टीत राहणार. दार उघडलं की बाहेरचं जग संपलं पाहिजे."

"आणि आमची शिफ्ट सुरू," कोपरेताई म्हणाली.

तो हसला आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं.

हॉटेलच्या मागे पत्र्याची मोठी शेड उभी राहिली. आत चार नमुना खोल्या, छत नसलेल्या, वरून साहेबांना बघता यावं म्हणून भोवती लाकडी सज्जा. पहिली समुद्राच्या तळाची: पलंग म्हणजे बुडालेली होडी, वरून जाळी लोंबतेय, भिंतीला शंख-शिंपले. दुसरी जंगलाची: खऱ्या सालीचं झाड, वेली, शेवाळासारखा गालिचा. तिसरी चंद्राची, जमिनीला खड्डेच खड्डे. चौथी नुसतीच प्लायवूडची, कारण तिचं काही ठरत नव्हतं. तिच्या भिंतीवर ज्याला जे सुचेल ते चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं. ढगातली खोली. घड्याळाच्या पोटातली खोली. मुंग्यांचं वारूळ. रखवालदाराने लिहिलं होतं, "जिथे साहेब येत नाहीत अशी खोली." ती चिठ्ठी दुसऱ्या दिवशी गायब झाली.

आमच्याशी करार असा झाला: एक्केचाळीस जणींना नव्या हॉटेलात घेणार, पण तीन महिन्यांत जिला ठरलेल्या खोल्या पुऱ्या करता येणार नाहीत ती घरी. खोल्या किती ते चाचणी घेऊन ठरणार. सही मीच केली. चाचणी म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

चाचणीला बोलावलं कोपरेताईला. समुद्राची खोली. सज्ज्यावर सात-आठ साहेब, खाली एक पोरगेलासा अधिकारी स्टॉपवॉच घेऊन. ती आत गेली आणि तिचे हात सुरू झाले. ज्यांनी तिला काम करताना बघितलंय त्यांना कळेल मी काय म्हणते ते. चादर हवेत उडाली ती पलंगावर उतरेपर्यंत हिचे दोन अभ्रे घालून झालेले. शिंपले एका फटक्यात पुसले, जाळी झटकली, न्हाणीघर, आरसा, नळ, कोपरे. बाहेर आली तेव्हा धापसुद्धा लागली नव्हती.

"बावीस मिनिटं!"

सज्ज्यावरून टाळ्या पडल्या. मोठे साहेब खाली उतरून तिच्याशी हात मिळवून गेले. आयुष्यभर तिने लोकांची घाण काढली, पण टाळ्या त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या. ती हरखली यात तिचा गुन्हा काय, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

घरी जेवताना तिने ते सांगितलं. धाकटीचा हात ताटातच थांबला.

"किती म्हणालात?"

"बावीस."

"घड्याळ कुणाचं होतं, ताई?"

"त्यांचं. म्हणजे काय?"

"मग बावीसही त्यांचेच झाले," धाकटी म्हणाली आणि ताट उचलून उठली.

आठव्या दिवशी फळ्यावर कागद लागला. एका शिफ्टमध्ये एकोणीस खोल्या. खाली छोट्या अक्षरात: प्रत्यक्ष चाचणीवर आधारित. जंगलाच्या खोलीची चाचणी झाल्यावर अंतिम.

एकोणीस! तेरा खोल्यांतच अर्ध्या जणींचं कंबरडं मोडत होतं. आणि धाकटीचं तर उघडच होतं. तिच्या नवऱ्याची नजर अधू झाली होती, गाडी सुटली होती, घर तिच्या एकटीच्या शिफ्टवर चाललं होतं. उजवा गुडघा आधीच गेलेला. तीन महिने कशाला, तीन दिवसांत तिला घरी पाठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर दोघींची जुंपली. मी त्यांच्याकडेच निघाले होते, म्हणून कानांनी ऐकलं.

"तुम्ही मला घरी बसवलंत, ताई."

"मी? मी काय केलं? मी माझं काम केलं! जरा हात उचलून केलं असतंस इतकी वर्षं, तर आज ही वेळ आली नसती."

"हात!" धाकटी एवढंच म्हणाली. बादली तशीच अर्धी भरलेली ठेवून आत गेली.

मी कोपरेताईला बाजूला घेतलं. म्हटलं, जंगलाच्या खोलीत हात आखडता घे. चाळिसाच्या खाली यायचं नाही. त्यांना कळणारही नाही.

"म्हणजे आळशीपणाचं नाटक करू?"

"एक्केचाळीस जणींच्या पोटावर पाय येतोय, आणि तुला नाटकाचं पडलंय?"

"पस्तीस वर्षांत एक कोपरा चोरला नाही मी. आता म्हातारपणी चोरू? तुझी भाषणं तुझ्यापाशी ठेव. भाषणांनी संडास धुतला जात नाही."

मीही काही कमी नाही. तिला म्हटलं, "मर तुझ्या ताठ्यात." आणि निघून आले. हे शब्द मी माघारी घेतले ते फार नंतर. पण इथे एक गोष्ट कबूल करायला हवी: माझा तोडगा खोटा होता आणि तिला खरा सापडला. तोही कुठे, तर धाकटीच्या पलंगावर.

झालं असं की त्या भांडणानंतर धाकटी स्वयंपाकघरातच चटई टाकून निजायला लागली. नवरा डोळे दाखवायला बहिणीकडे गेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कोपरेताई सवयीने तिच्या खोलीत शिरली, चादर खोचायला हात घातला आणि थबकली. चादर होती तशीच. उशीला खळगा नाही, सुरकुती नाही, केस नाही. तिने चारही कोपरे नुसते चिमटीत धरून सारखे केले आणि झालं. तिला रोज दोन मिनिटं लागायची, त्या दिवशी चार श्वाससुद्धा लागले नाहीत. ती त्याच पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मला म्हणाली, "तिथेच मला तो समुद्र आठवला. होडीतल्या उशीलाही खळगा नव्हता ग."

चाचणीच्या दिवशी जंगलाच्या खोलीत ती गेली. अधिकाऱ्याने घड्याळावर अंगठा ठेवला. ती हललीच नाही. वाकली, उशी उचलली, नाकाशी धरली.

"इथे कोण झोपलं होतं?"

अधिकारी गोंधळला. "कुणी नाही. नमुना खोली आहे."

"मग मी साफ काय करू?"

सज्ज्यावरून मोठे साहेब म्हणाले, "बाई, चाचणी आहे ही. तमाशा करू नका."

"तमाशा मागच्या वेळी झाला, साहेब. टाळ्याबिळ्या वाजल्या. कोऱ्या खोलीवर मी कोरी चादर घातली आणि तुम्ही त्याला साफसफाई म्हणालात. या गादीवर मला एक केस दाखवा. एकच. मग घड्याळ लावा."

थीमवाला जिना उतरून खाली आला. त्याने स्वतः पांघरूण बाजूला केलं, चादरीकडे बघितलं, वेलींकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला. दोन महिने तो पाहुण्याने काय अनुभवावं याचाच विचार करत होता. पाहुणा उठून गेल्यावर मागे काय उरतं, हे त्याच्या एकाही चित्रात नव्हतं.

"आज इथे माझं कुटुंब झोपेल," तो म्हणाला. "समुद्रात माझी सहकारी, तिच्या घरच्यांना घेऊन. उद्या सकाळी चाचणी."

"आणि समुद्राची खोली धाकटी करेल," कोपरेताई म्हणाली.

"तुमच्यातली सगळ्यांत हळू बाई तीच ना?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"म्हणूनच."

तिच्या मनात काय होतं ते तिने मला पुढे सांगितलं. तिला वाटलं, आपली चाळीस होतील, धाकटीची ऐंशी. मधला कुठला तरी आकडा निघेल आणि धाकटी तरून जाईल. म्हणजे उपकार करायला निघाली होती. ताठा अजून तसाच होता!

सकाळी दोन्ही दारं उघडली. मुद्दाम कुणी घाण केली नव्हती. प्रत्येक खोलीत चार माणसं, त्यांत दोन पोरं, एक रात्र राहिली होती, एवढंच. वेलींना लोंबकळून पोरांनी निम्म्या खाली आणल्या होत्या. झाडाच्या सालीच्या प्रत्येक भेगेत बिस्किटांचा चुरा. शेवाळाच्या गालिच्यावर द्राक्षाचा रस. फांद्यांवर ओले टॉवेल. आरशाच्या काटक्यांच्या चौकटीत टूथपेस्ट. समुद्रात तर पोरांनी शिंपल्यांत च्युइंगगम भरून ठेवलं होतं, एकेका शिंपल्यात एकेक, मोत्यासारखं.

घड्याळं सुरू झाली. मी सज्ज्यावर होते. दोन्ही खोल्या शेजारी शेजारी, वरून सगळं दिसत होतं.

कोपरेताईने नेहमीसारखा आधी पलंग घेतला. बघता बघता चादर, कोपरे, सगळं चोख. मग ती वेलींकडे वळली, पहिली वेल झटकली आणि सालीचा चुरा नि धूळ बदाबदा त्या पांढऱ्या चादरीवर पडली. ती क्षणभर नुसती बघत राहिली. मग तिने चादर ओढून काढली.

धाकटीने पलंगाला हातच लावला नाही. आधी रिकाम्या हातांनी खोलीभर एक फेरी मारली, नुसती बघत. डागांवर ओली फडकी टाकली, भिजत ठेवली. जुन्या चादरीच पलंगावर आच्छादून ठेवल्या आणि मग वरची जाळी झटकली. च्युइंगगमवर बर्फाचे खडे धरून ती शिंपल्यातून टकाटक सोडवत गेली. मधे एकदा होडीच्या काठावर बसली, गुडघा चोळला, उठली. पलंग सगळ्यांत शेवटी. माणसं राहिलेली खोली कशी सोडवायची असते ते तिच्या हातांना ठाऊक होतं. शेजारच्या खोलीतल्या कोपरेताईच्या हातांना ते ठाऊक नव्हतं.

चाळिसाव्या मिनिटाला कोपरेताई घामाने निथळत होती. बाहेर आली तेव्हा भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली.

"एकसष्ट."

शेजारच्या दारातून धाकटी आली.

"चौसष्ट."

या वेळी टाळ्या नव्हत्या. कोपरेताई समुद्राच्या खोलीत शिरली. सरळ पलंगाशी गेली आणि कोपरा ओढून बघितला. निघाला नाही. मग ती वळली.

"धाकटे, तुझ्या तळमजल्याच्या खोल्या अशाच असायच्या?"

"रोज."

"तेराच्या तेरा?"

"वेली नि शिंपले नव्हते एवढंच, पण सुट्टीच्या दिवसांत घाण याहून वाईट. तुमच्या मजल्यावर एकेक साहेब, रात्री येणार, पहाटे जाणार. माझ्याकडे पोरंबाळं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"रोज बोलत होते, ताई. भुतं राहतात का म्हणून विचारत होते. तुम्ही हसायचात."

कोपरेताई खाली बसली. होडीच्या काठावर, धाकटी बसली होती तिथेच. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. पस्तीस वर्षं ज्या जोरावर तिने मान ताठ ठेवली होती, त्यातली किती वर्षं हातांची आणि किती मजल्याची, याचा हिशोब ती मांडत असावी. मोठे साहेब खाली आले तेव्हा ती उठली.

"ते बावीस खोडा, साहेब."

"तो तुमचाच विक्रम आहे, बाई."

"कुणी राहत नव्हतं तिथे. खोडा. एकसष्ट लिहा. आणि त्याच्याशेजारी तिचे चौसष्ट लिहा, खाली नको, शेजारी."

आता साहेबांना हे परवडणार नव्हतं. तासाला एक खोली म्हटल्यावर दुप्पट बायका घ्याव्या लागल्या असत्या. त्यांनी थीमवाल्याकडे असं बघितलं की तो तिथल्या तिथे सुकला. तो आमच्याजवळ येऊन प्लायवूडच्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला. कानावरची पेन्सिल काढली.

"मग कशी खोली करू? तुम्हीच सांगा. माणसाला बाहेरचं जग विसरायला लावेल आणि तुम्हाला जीव काढायला लावणार नाही अशी."

कोपरेताई हळूच म्हणाली, "धाकटे, जुनी गच्ची आठवते?"

"कपडे वाळवायचं यंत्र यायच्या आधीची?"

"तीच." मग त्याला सांगायला लागली. "आम्ही नव्या होतो तेव्हा चादरी गच्चीवर वाळत घालायचो. दोनशे चादरी. दोऱ्या अशा बांधलेल्या की त्यांच्या गल्ल्या व्हायच्या. पांढऱ्या गल्ल्या. आत शिरलं की हॉटेल नाही, रस्ता नाही, साहेब नाही."

"आवाजसुद्धा नाही," धाकटी म्हणाली. "नुसता कापडाचा. फट्, फट्."

"वारा आला की भिंती हलायच्या."

"आणि ऊन चादरीतून यायचं. तोंडं दुधासारखी दिसायची आमची. तुम्ही हरवला होतात एकदा, ताई."

"हरवले नव्हते. झोपले होते."

"झोपल्या होत्या!" धाकटी थीमवाल्याला म्हणाली. "कामाच्या वेळी. कोपरेताई! मी पाळत ठेवून उभी राहिले होते, मुकादमीण येते का बघत."

दोघी हसल्या. त्या दोघींना एकत्र, एकाच गोष्टीवर हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

थीमवाला भराभर चित्र काढत होता. छतापासून जमिनीपर्यंत चादरी, दोऱ्यांवर, त्यांच्या मधोमध पलंग, कुठून तरी मंद वारा. कोपरेताईने त्याच्या कागदावर बोट ठेवलं. "आणि यात काही चिकटत नाही, साहेब. डाग पडला की चादर काढायची, धुवायला टाकायची, दुसरी अडकवायची. भिंतच धुलाईला जाते."

शेवटी ठरलं ते असं: शिंपले काचेमागे गेले, वेली वर सरकल्या, चंद्राचे खड्डे बुजले. वरचा अख्खा मजला पांढऱ्या गच्चीचा झाला. आणि शिफ्टला अकरा खोल्या, माणसं राहून गेलेल्या. एक्केचाळिसांपैकी एकोणचाळीस जणी टिकल्या, त्यांत धाकटी. हॉटेलच्या माहितीपुस्तकात त्या मजल्याखाली छापलंय: आमच्या कल्पक चमूची निर्मिती. चमू म्हणे! मी पत्र लिहिलं, दोनदा. उत्तर नाही. कोपरेताईला विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे. दोऱ्या चुकीच्या बांधल्यात, माझं नाव नाही तेच बरं."

नव्या हॉटेलात तिने आपणहून उद्यानाच्या बाजूच्या, पोराबाळांच्या खोल्या मागून घेतल्या. आधी रिकाम्या हातांनी फेरी मारायला शिकली. चार वाजता सुटायची, कधी सव्वाचार, धाकटीच्या मागून. लॉकरशी तिला कुणी चिडवलं नाही. चिडवायचा हक्क फक्त धाकटीचा होता आणि तिने तो वापरला नाही. घरीही ती सकाळची फेरी बंद झाली. ती धाकटीच्या खोलीच्या दारापर्यंत जायची, वळायची. पाच वर्षं अशी गेली. मग पोटाचं दुखणं निघालं आणि चार महिन्यांत ती गेली. शेवटी शेवटी धाकटीच तिचं सगळं करायची. मी भेटायला गेले होते तेव्हा धाकटी तिच्याखालची चादर बदलत होती. एक कोपरा नीट बसला नव्हता. कोपरेताईचा हात आपोआप तिकडे गेला. मग तिने तो मागे घेतला आणि छातीवर ठेवला.

तर शोकसभेत साहेब बावीस म्हणाले आणि पुढच्या रांगेतून जी उठली ती धाकटी. एक हात खुर्चीच्या पाठीवर, गुडघा सरळ होईपर्यंत जरा वेळ गेला.

"बावीस नाही, साहेब," ती म्हणाली. "एकसष्ट."

साहेब चाचरले. "नाही, म्हणजे फायलीत..."

"फायलीत खोडायला तिने सांगितलं होतं. मी शेजारी उभी होते. तिची एकसष्ट, माझी चौसष्ट. तीन मिनिटं पुढे होती ती माझ्या." तिने फोटोकडे बघितलं. "तीन मिनिटं खरी होती. ती लिहा."

ती खाली बसली नाही. साहेबांनी खिशातून पेन काढेपर्यंत तशीच उभी राहिली.